ओसाड आणि रिकामे : अरबी वाळवंटाच्या वाङ्मयीन इतिहासातील एक भेद

१

वाळवंटाविषयीच्या लेखनात 'रिकामेपणा' हा शब्द इतक्या सहजपणे येतो, की तो वर्णनाचा शब्द आहे की निर्णयाचा, हा प्रश्न बहुधा उपस्थितच होत नाही. नजरेच्या टप्प्यात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. तेव्हा भूमी रिकामी आहे, असे विधान केले जाते. परंतु 'येथे आत्ता कोणी नाही' आणि 'ही भूमी कोणाचीच नाही' या दोन विधानांत मोठे अंतर आहे. पहिल्या विधानावरून दुसऱ्या विधानावर नकळत जाण्याला एक इतिहास आहे. प्रवासवर्णने, नकाशे आणि करारपत्रे यांच्याइतकाच तो वाङ्मयाचा आणि वाङ्मयसमीक्षेचाही इतिहास आहे. अरबस्तानच्या वाळवंटाच्या संदर्भात तो पुरेसा स्पष्टपणे मांडता येतो. कारण या भूमीविषयी तेथील रहिवाशांचे काव्य आणि बाहेरून आलेल्यांचे लेखन अशी दोन्ही प्रकारची साधने विपुल आहेत.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे आहे. युरोपीय भाषांतील 'डेझर्ट' हा शब्द 'सोडून देणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. संस्कृतातील 'मरु' हा शब्द 'मृ' या धातूशी जोडला जातो. अरबीत एकच शब्द नाही. 'सहरा' हा शब्द मातकट तांबूस रंगावरून, 'बादिया' हा 'प्रकट होणे, दृष्टीस पडणे' या धातूवरून (बदाउनी लोकांचे नाव याच धातूचे), 'बैदा' हा नष्ट होण्याच्या अर्थावरून, तर 'मफाझा' हा यश किंवा सुटका या अर्थावरून आलेला. ज्या निर्जल प्रदेशात मृत्यूची शक्यता अधिक, त्याला सुटकेचे नाव का, याचे उत्तर अरबी कोशकारांनी शुभसूचक उच्चार असे दिले आहे. बांगडी फुटली असे न म्हणता ती 'वाढवली' म्हणणाऱ्या मराठी भाषकाला ही रीत परकी वाटणार नाही. मराठीतील 'वाळवंट' या शब्दाची स्थितीही विचार करण्याजोगी आहे. तो जसा मरुभूमीसाठी वापरला जातो, तसाच नदीकाठच्या वाळूच्या पट्ट्यासाठीही. आणि पंढरपूरच्या चंद्रभागेचे वाळवंट म्हटले की मराठी मनापुढे उभी राहते ती वारकऱ्यांची दाटी. सारांश, वाळू आणि रिकामेपणा यांचे नाते भाषेने अपरिहार्य मानलेले नाही.

२

इस्लामपूर्व अरबी कसीद्याचा प्रारंभ बहुधा एका सोडून दिलेल्या मुक्कामाशी होतो. कवी उंट थांबवतो. प्रियेच्या कबिल्याने कधीकाळी जेथे तळ दिला होता त्या जागेच्या खुणा, म्हणजेच 'अतलाल', न्याहाळतो आणि शोक करतो. कसीद्याच्या या पहिल्या भागाला 'नसीब' म्हणतात. मराठीत दैव या अर्थाने रूढ असलेल्या 'नसीब' या शब्दाशी त्याचे उच्चारसाम्य आहे. मूळ अरबी शब्द मात्र वेगळा. या खुणा ठरावीक असतात : तंबूभोवती पाणी वळवण्यासाठी खणलेला चर, खुंट्या, वाळलेल्या लेंड्या, आणि भांडे ठेवण्यासाठी मांडलेले, धुराने काळवंडलेले तीन दगड. तीन दगडांची चूल ज्या समाजाने पाहिली आहे त्याला या प्रतिमेचे भाष्य लागत नाही. चूल थंड आहे, पण ती चूल आहे. तेथे कोणीतरी रांधले होते.

या संकेताला भौतिक आधार आहे. उन्हाळ्यात कबिले कायम पाणी असलेल्या विहिरींपाशी एकत्र येत. निरनिराळ्या कुळांचे तंबू शेजारी शेजारी पडत. पावसाची चाहूल लागली, की जो तो आपल्या उंटांसाठी कुरण शोधत पांगे. पुढच्या हंगामात तोच शेजार मिळेल याची शाश्वती नसे. म्हणजे अतलालातील ओसाडी ही निसर्गाची स्थायी अवस्था नव्हे; ऋतुचक्रातील ती एक अवस्था आहे. तिला भूतकाळ आहे आणि परतण्याची अंधुक का होईना, शक्यता आहे.

आणखी दोन गोष्टी येथे नोंदवायला हव्यात. पहिली, स्थळनामांची दाटी. मुअल्लकातांपैकी इम्रु-उल्-कैसच्या कसीद्यात पहिल्या दोनच द्विपदींत दखूल, हौमल, तूदिह आणि मिक्रात ही चार नावे येतात. शिवाय वाळूची टेकडी जेथे वळून निमुळती होते त्या भूरूपासाठी खास शब्द येतो. जेथे बाहेरच्याला केवळ वाळू दिसते, तेथे कवीला पत्ता दिसतो. दुसरी गोष्ट लबीदच्या कसीद्यात आढळते. तेथे माणसांनी सोडलेली जागा हरणे, शहामृग आणि रानगाई म्हणून वर्णिलेले ओरिक्स यांच्या पिलांनी भरून गेलेली आहे. आणि पुराच्या लोटांनी उघड्या पडलेल्या खुणांना लेखणीने पुन्हा गिरवलेल्या लिखाणाची उपमा दिली आहे. ओसाड जागा ही वाचण्याची संहिता आहे, ही कल्पना आधुनिक समीक्षेच्या कितीतरी आधी येथे प्रत्यक्षात उतरलेली दिसते.

यावर एक आक्षेप संभवतो. हे काव्य मौखिक होते आणि त्याचे लेखन प्रामुख्याने आठव्या-नवव्या शतकांत झाले. ताहा हुसेन यांनी १९२६मध्ये त्याच्या अस्सलपणावरच मूलगामी शंका घेतली होती. पुढे जेम्स मन्रो (१९७२) आणि मायकेल झ्वेटलर (१९७८) यांनी मौखिक रचनापद्धतीच्या सिद्धांताच्या आधारे प्रश्नाची मांडणीच बदलली. यारोस्लाव्ह स्टेटकेविच यांनी १९९३मध्ये दाखवून दिले, की नसीबमधील स्थळनामे हळूहळू भूगोलापासून सुटून विरहाची प्रतीके बनतात. 'नज्द' हे नाव तर नज्द कधीही न पाहिलेल्या कवींच्या काव्यातही व्याकुळतेचे नाव म्हणून वावरते. हे सर्व मान्य केले, तरी प्रस्तुत मुद्द्याला बाध येत नाही. काव्य कोणी व केव्हा रचले याबद्दल मतभेद असोत. त्यातील ओसाडीचे व्याकरण मात्र एकच आहे. जागा 'रिकामी आहे' असे ते सांगत नाही. ती 'रिकामी झाली' असे सांगते.

३

हे काव्य टिकले ते शहरांनी त्याची गरज ओळखली म्हणून. बसरा येथील मिरबद हा उंटांचा बाजार. तेथे वाळवंटातून आलेले बदाउनी आणि शहरातील भाषापंडित यांची गाठ पडे. अल्-अस्मईसारख्या विद्वानांनी बदाउनींच्या तोंडून शब्द गोळा केले. उंट, घोडा, वनस्पती यांच्या शब्दसंग्रहांवर स्वतंत्र पुस्तके लिहिली. शुद्ध अरबीचा निवाडा वाळवंटाकडे सोपवला गेला. पण याच प्रक्रियेत वाळवंट हे वर्तमानातील वस्तीचे ठिकाण न राहता भाषेच्या गतकाळाचे कोठार होऊ लागले. अबू नुवासने शहरी कवीच्या मुखातील अतलालशोकाची जी थट्टा केली, ती या विसंगतीवर नेमके बोट ठेवते : ज्याने कधी तंबू ठोकला नाही त्याने विझलेल्या चुलीसाठी रडावे कशाला?

तथापि या पांडित्याचे एक फळ असाधारण आहे. अकराव्या शतकात अंदलुसमधील अल्-बकरी याने स्थळनामांचा एक मोठा कोश रचला. जी नावे वाचताना चुका होतात ती निश्चित करणे हा त्याचा हेतू, आणि प्राचीन काव्य हा त्याचा एक प्रमुख पुरावा. अरबस्तानात त्याने कधी पाऊल ठेवल्याचा दाखला नाही. कवितेच्या आधारावर त्याने एका दूरच्या वाळवंटाची नामावळी उभी केली. तेराव्या शतकात याकूत अल्-हमवी याने आपल्या विस्तृत भौगोलिक कोशात हीच रीत पुढे चालवली. नावामागून नाव आणि नावापाठोपाठ द्विपदी. येथे नकाशाचे काम वाङ्मय करते. ज्या भूमीसाठी असे कोश लिहावे लागले, तिला कोरा कागद म्हणणे कठीण आहे.

४

दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलाने अरबस्तानचे तीन भाग कल्पिले : सुखी, खडकाळ आणि ओसाड. यातील तिसरे नाव चार्ल्स डाउटी यांनी १८८८मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या द्विखंडात्मक प्रवासवर्णनाच्या शीर्षकात घेतले. डाउटींचा ग्रंथ शीर्षकाला खोटे पाडणारा आहे. १८७६ ते १८७८ या काळातील त्यांच्या भटकंतीत तंबू, भांडणे, पाहुणचार, उपासमार आणि बोलीतील शब्द यांची इतकी गर्दी आहे, की 'ओसाड' हे विशेषण नाममात्र उरते.

विसाव्या शतकात मात्र लक्ष एका प्रदेशावर एकवटले. दक्षिण अरबस्तानातील सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरचा वालुकासमुद्र 'रुब अल्-खाली', म्हणजे 'रिता चतुर्थांश', या नावाने जगाला परिचित झाला. नाव अरबीच, पण तेथे उंट चारणाऱ्यांच्या तोंडचे नव्हे. विल्फ्रेड थेसिजर यांनी नोंदवल्याप्रमाणे त्यांच्या बदाउनी सोबत्यांसाठी ती केवळ 'अर्-रिमाल', म्हणजे 'वाळू' होती. बर्ट्रम टॉमस यांनी १९३०-३१च्या हिवाळ्यात धोफारपासून दोहापर्यंत ही वाळू ओलांडली. पुढच्याच वर्षी, १९३२मध्ये, सेंट जॉन फिल्बी यांनी वेगळ्या मार्गाने. टॉमस यांना रशीद जमातीच्या सालिह बिन कलूत यांची सोबत होती. 'पहिला माणूस' या बिरुदाचा अर्थ येथे 'पहिला युरोपीय' एवढाच होतो. वाटाड्या आधीपासून तेथे होता, विहिरीचे नाव त्याला ठाऊक होते. म्हणूनच तर हे बिरुद मिळवणे शक्य झाले.

फिल्बींच्या प्रवासातील एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. ईश्वरी कोपाने नष्ट झालेल्या वबार या दंतकथेतील नगरीचा ते शोध घेत होते. सोबत्यांनी त्यांना जेथे नेले तेथे भग्न नगरी नव्हती. उल्कापाताने झालेली विवरे आणि लोखंडाचे तुकडे होते. बदाउनी त्या जागेला 'अल्-हदीदा' म्हणत, आणि त्या नावात लोखंडाचाच निर्देश आहे. पाहुण्याच्या मनात दंतकथा होती आणि स्थानिक नावात वस्तुस्थिती.

थेसिजर यांचे लेखन अधिक गुंतागुंतीचे आहे. टोळनिवारण संस्थेच्या कामाच्या निमित्ताने आलेल्या या प्रवाशाने १९४६ ते १९४८ या काळात दोनदा रुब अल्-खाली ओलांडले. त्यावरील पुस्तक १९५९मध्ये आले. त्यातील बदाउनी सोबती, विशेषतः बिन कबीना, व्यक्ती म्हणून जिवंत आहेत. वाळूवरील माग पाहून उंट कोणत्या जमातीचे, ते कोठून आले, शेवटचे पाणी कधी प्याले, हे सांगणारे लोक त्यात भेटतात. लबीदच्या कसीद्यातील लेखनाची उपमा येथे रोजच्या जगण्याचे कौशल्य बनून येते. खारट विहिरीचे जे पाणी माणसाला पिववत नाही ते सांडणी पिते आणि माणूस तिच्या दुधावर राहतो. पाऊस पडल्यावर वर्षानुवर्षे टिकणाऱ्या झुडपांची कुरणे लक्षात ठेवावी लागतात. वाळूच्या कडेला 'गाफ' वृक्ष उभा असतो, जो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मराठी मुलखातील शमीच होय. पण थेसिजर यांना हे जग अस्पर्शित राहायला हवे होते. त्यांचा शोक अतलालशोकासारखा भासतो. फरक एवढाच, की तो ज्यांच्यासाठी आहे ती माणसे अद्याप जिवंत होती आणि त्यांना मोटारी, दवाखाने व रोजगार हवे होते की नको, हे त्यांचे त्यांनी ठरवायचे होते.

५

१९३३ या वर्षाकडे मुद्दाम लक्ष द्यायला हवे. त्या वर्षी फिल्बींचे 'रित्या चतुर्थांशा'वरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २९ मे रोजी सौदी शासन आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीत तेलशोधाच्या सवलतीचा करार झाला. वाटाघाटींत फिल्बी या कंपनीचे पगारी सल्लागार होते. मार्च १९३८मध्ये दम्माम येथील सातव्या विहिरीतून व्यापारी प्रमाणात तेल मिळाले. पुस्तकाने करार घडवला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु भूमी रिती आहे ही कल्पना आणि भूमीच्या पोटातील द्रव्य हस्तांतरित करता येते ही कल्पना एकमेकींना पूरक होत्या, आणि येथे एकाच व्यक्तीचा दोहोंशी संबंध होता, हे दुर्लक्षिता येत नाही.

पुढे जे घडले ते अधिक उद्‌बोधक आहे. तेलामुळे सरहद्दींना किंमत आली. १९४९पासून बुरैमी परिसरावरून सौदी अरबस्तान एका बाजूस आणि अबू धाबी व ओमान यांच्या वतीने ब्रिटन दुसऱ्या बाजूस, असा वाद पेटला. तो लवादापुढे गेला, तेव्हा १९५५मध्ये दोन्ही पक्षांनी जी निवेदने सादर केली त्यांचा आधार कोणता होता? कोणती जमात कोणत्या विहिरीवर उंट पाजते, कोणत्या कुरणावर जाते, जकात कोणाला देते! अरामको कंपनीच्या संशोधन विभागाने जमातींच्या वंशावळी आणि स्थळनामे परिश्रमपूर्वक गोळा केली होती. नकाशावर जी भूमी रिकामी होती, ती दावा सांगण्याच्या क्षणी नावांनी भरून गेली. लवाद फिसकटला; पण रिकामेपणा हा भूमीचा गुणधर्म नसून पाहणाऱ्याच्या प्रयोजनाचा भाग आहे, हे या कागदपत्रांनीच सिद्ध केले.

६

१९३३ हेच अब्दुर्रहमान मुनीफ यांचे जन्मवर्ष. वडील नज्दचे, आई इराकी, जन्म अम्मानचा. शिक्षणाने ते तेल-अर्थशास्त्रज्ञ. १९६३मध्ये त्यांचे सौदी नागरिकत्व काढून घेण्यात आले. २००४मध्ये दमास्कस येथे त्यांचे निधन झाले. १९८४ ते १९८९ या काळात प्रकाशित झालेली 'मुदुन अल्-मिल्ह' (मिठाची शहरे) ही त्यांची पाच खंडांची कादंबरी सौदी अरबस्तानात बंदी घातली गेलेली. पहिल्या खंडाचा आरंभ 'वादी अल्-उयून', म्हणजे झऱ्यांचे खोरे, या कल्पित मरूद्यानाच्या वर्णनाने होतो. ही हिरवळ, तेथील पाणी, थांबणारे तांडे, परदेशी गेलेल्या मुलग्यांची वाट पाहणारी घरे यांना मुनीफ बरीच पृष्ठे देतात. मग परके लोक येतात, मोजमाप करतात. शेवटी यंत्रे झाडे उपटून काढतात. मितइब अल्-हथ्थाल हा विरोध करणारा पुरुष सांडणीवर बसून निघून जातो आणि पुढे केवळ वदंता म्हणून कादंबरीत वावरतो. बाकीची माणसे किनाऱ्यावरील हर्रान या नव्या तेलनगरीत मजूर होतात.

या रचनेचे मर्म कसीद्याच्या संदर्भात नीट कळते. मरूद्यान आधी भरलेले दाखवल्याखेरीज त्याचा नाश हा नाश ठरत नाही. मुनीफ तेलविहिरीपासून प्रारंभ करीत नाहीत. चूल पेटलेली असतानापासून करतात. त्यामुळे उरते ती ओसाड जागा, रिकामी नव्हे. मितइबच्या गायब होण्यातही अतलालाचाच तर्क आहे : जो गेला त्याची जागा खूण म्हणून शिल्लक राहते.

इंग्रजीत पहिला खंड १९८७मध्ये पीटर थरू यांच्या अनुवादातून आला. पुढच्या वर्षी जॉन अपडाइक यांनी त्याचे परीक्षण करताना घेतलेला आक्षेप सर्वश्रुत आहे : येथे एकसंध व्यक्तिमत्त्वाचा नायक नाही, निवेदनाचा सूर शेकोटीभोवती कथा सांगणाऱ्याचा आहे, त्यामुळे ज्याला कादंबरी म्हणतात त्यासारखे हे लेखन वाटत नाही. अमिताव घोष यांनी १९९२च्या आपल्या निबंधात याचा प्रतिवाद केला. तेलाच्या जगाला कादंबरीने टाळले, कारण त्या जगाचे स्थळ विस्थापित, भाषा अनेक आणि माणसे जगभरातून आलेली. मुनीफ यांनी ते टाळले नाही, असे त्यांचे प्रतिपादन. अपडाइक यांच्या आक्षेपात जुन्या प्रवासवर्णनांचीच नजर दिसते. एकटा पुरुष समोर नसला, की दृश्य रिकामे मानायचे. जमाव, कुजबुज, सामूहिक स्मरण यांना पात्रत्व नाकारायचे. भूमीला लावलेला निकष येथे संहितेला लावला गेला.

सिद्धांतनही या दोषापासून मुक्त राहिले नाही. देल्यूझ आणि ग्वातारी यांनी १९८०मध्ये भटक्याची संकल्पना राज्यसंस्थेला पर्याय म्हणून मांडली. वाळवंट हे त्यांच्या 'गुळगुळीत' अवकाशाचे उदाहरण. क्रिस्टोफर मिलर यांनी १९९३मध्ये त्यांच्या तळटीपा तपासून दाखवले, की ही भटकी संकल्पना वसाहतकालीन मानववंशशास्त्राच्या आधारावर उभी आहे. ज्याँ बोद्रियार यांच्या १९८६च्या पुस्तकात अमेरिकेचे वाळवंट संस्कृतीच्या अभावाचे चिन्ह होते. संकल्पना म्हणून या मांडण्यांचे मोल काय, हा वेगळा प्रश्न आहे. परंतु ज्या वाळूला प्रत्येक वळणासाठी शब्द आहे तिला 'गुळगुळीत' म्हणणे, हे वाचन नव्हे.

७

हा भेद केवळ शब्दांचा असता, तर त्याला वाङ्मयेतिहासाबाहेर महत्त्व नव्हते. २०१७मध्ये सौदी अरबस्तानने वायव्य किनाऱ्यावर सुमारे २६,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात 'निओम' या नव्या नगरप्रकल्पाची घोषणा केली. शून्यातून उभे राहणारे भविष्य हा त्याच्या जाहिरातीचा गाभा होता. त्या क्षेत्रात हुवैतात जमातीची गावे होती. २०२०पासून रहिवाशांना घरे सोडावी लागली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जागा सोडण्यास जाहीर नकार देणारा या जमातीतील एक मनुष्य सुरक्षादलांच्या गोळीबारात मरण पावला. हुवैतात हे इंग्रजी वाङ्मयाला अपरिचित नाव नाही. टी. ई. लॉरेन्स यांच्या 'सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम'मधील ऑदा अबू ताई याच जमातीचा प्रमुख. वाङ्मयात अमर झालेली जमात भूमीच्या कागदावर मात्र दिसेनाशी होऊ शकते.

उलट दिशेचे एक उदाहरणही आहे. लबीदच्या ओसाड मुक्कामात चरणारा ओरिक्स अरबस्तानच्या रानातून १९७२मध्ये नाहीसा झाला. अखेरचा कळप ओमानमधील जिद्दत अल्-हरासीस येथे शिकाऱ्यांना बळी पडला. बंदिस्त जोपासनेतून वाढवलेले प्राणी १९८२मध्ये त्याच पठारावर सोडले गेले, आणि त्यांच्या राखणीसाठी नेमले गेले ते तेथील हरासीस लोक, कारण माग कसे वाचायचे हे त्यांना ठाऊक होते. पुढे चोरट्या शिकारीने कळप पुन्हा घटला. ओमानने अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी कमी केल्यावर २००७मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीतून वगळले. तरीही पुनर्वसनाचा तो प्रयत्न ज्या गृहीतकावर उभा होता ते महत्त्वाचे आहे. पठाराला माहीतगार आहेत, हे तेथे आधी मान्य केले गेले होते.

वाळवंटाविषयीच्या कोणत्याही संहितेला म्हणून एक साधा व्याकरणिक प्रश्न विचारता येतो : रिकामेपण येथे कोणत्या काळात आले आहे? कसीद्यात ते भूतकाळावर उभे आहे. कोणी होते आणि गेले. फिल्बींच्या शीर्षकात, करारपत्रात, नगरप्रकल्पाच्या जाहिरातीत ते कालातीत वर्तमानात आहे. जणू कोणी कधी नव्हतेच. मुनीफ यांच्या कादंबरीने हा हरवलेला भूतकाळ गद्यात परत आणला. समीक्षेचे काम त्या दोन काळांची गल्लत होऊ न देणे हे आहे. आणि त्यासाठी कवीने उल्लेखलेले प्रत्येक स्थळनाम, मग ते दखूल असो वा वादी अल्-उयून, अलंकार म्हणून न वाचता साक्ष म्हणून वाचावे लागते.